गाद्यांच्या आड रेकॉर्डिंग

सुमनच्या कॅसेटवर सगळ्यात स्पष्ट ऐकू यायची ती कुकरची शिट्टी. त्याखालोखाल समोरच्या पत्र्याचे डबे करणाऱ्याची ठोकठोक. या दोन्हींच्या मागे कुठंतरी खोलवर सुमन कन्नड शिकवत असायची.

कॅसेट १९९६ सालची. जुन्या हुबळीत हावळांचं गाद्या-तक्क्यांचं दुकान होतं आणि दुकानामागे घर. हावळ मूळचे इचलकरंजीकडचे. हुबळीत त्यांच्या तीन पिढ्या गेल्या, तरी सुना मात्र तिकडूनच आणायच्या असा घरचा रिवाज. सुमन १९८८ साली जयसिंगपूरहून लग्न होऊन आली तेव्हा तिला कन्नडचा एक शब्द येत नव्हता. घरात सगळे मराठी बोलायचे, पण दूधवाला, शेजारीण, कापूस पिंजायला येणारी माणसं, सगळी कन्नड. दुधाला कन्नडमध्ये 'हाल' म्हणतात आणि दाताला 'हल्ल'. पहिल्याच आठवड्यात सुमननं दूधवाल्याकडं एक लिटर दात मागितले. तो बिचारा हसू दाबत गल्लीच्या टोकापर्यंत गेला आणि मग तिथं मोठ्यानं हसला. सुमनला ते घरात ऐकू आलं.

दोन वर्षांत ती कन्नड शिकली. शिकली म्हणजे इतकी, की कलघटगीच्या बाजारातून आलेल्या गिऱ्हाइकाशी तिचा नवरा रामचंद्र भावावरून अडखळायला लागला की ती आतून येऊन सौदा पुरा करायची. मग ओळखीपाळखीच्या घरांतल्या नव्या सुना दुपारच्या तिच्याकडं यायला लागल्या. ती पुस्तकातनं शिकवत नसे. दूध कसं मागायचं, भाजीवालीला परत कसं पाठवायचं, दारात आलेल्या माणसाला 'घरात कोणी नाही' असं न सांगता कसं थांबवायचं, हे तिचे धडे. त्यातल्या एकीच्या मिरजेच्या बहिणीचं लग्न हुबळीतच ठरलं, तेव्हा सुमननं घरच्या टेपरेकॉर्डरवर तासाभराची ती कॅसेट भरून पाठवून दिली. तिच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि दहा वर्षांत सांगली-कोल्हापूरकडं ती कुठं कुठं गेली याचा पत्ता सुमनलाही नव्हता.

२००७ च्या फेब्रुवारीत रेश्मा भेटायला आली. ही कोल्हापूरची, सहा वर्षांपूर्वी सुमनकडंच कन्नड शिकलेली. आता नवऱ्याबरोबर बेंगळुरूला राहत होती. चहा पिता पिता ती म्हणाली, "सुमनवैनी, तुमची ती कॅसेट माझ्या मामेबहिणीनं ऐकली. तिला कुकरच्या शिट्टीशिवाय काही कळलं नाही."

"मग काय करू? आता कॅसेट कुणाकडं आहे ऐकायला?"

"पॉडकास्ट करा."

"म्हणजे काय करू?"

रेश्मानं समजावून सांगितलं. आपण बोललेलं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचं, इंटरनेटवर ठेवायचं, रेडिओच्या कार्यक्रमासारखे भाग करायचे. ज्याला पाहिजे त्यानं सायबर कॅफेत जाऊन उतरवून घ्यायचे, मोबाईलमध्ये घालायचे, वेळ मिळेल तेव्हा ऐकायचे. इंटरनेटवरचं पान मी बेंगळुरूहून सांभाळते, तुम्ही फक्त रेकॉर्ड करून पाठवा, असं ती म्हणाली.

सुमनच्या मनात ते बसलं, त्याला कारणही होतं. तिच्या पुतण्याचं, चेतनचं, लग्न ठरलेलं होतं. मुलगी विट्याची, दीपाली नाव. मे महिन्यात लग्न. विट्यात कन्नड शिकवणारं कोण भेटणार? तिच्या मोबाईलमध्ये मात्र गाणी वाजत होती, हे सुमननं साखरपुड्याला पाहिलं होतं.

रामचंद्र म्हणाला, "गाद्या विकायच्या का शाळा काढायची?" पण तो नाही म्हणाला नाही. त्यानंच संघपालचं नाव काढलं.

संघपाल सर्वगोड विद्यानगरातल्या एका कॉलेजात भाषेची प्रयोगशाळा सांभाळायचा. मुलं कानाला हेडफोन लावून इंग्रजी उच्चार ऐकतात, तिथली यंत्रं चालू ठेवायचं त्याचं काम. त्याशिवाय त्याचा स्वतःचा माइक-सेट होता. जयंतीच्या कार्यक्रमाला, लग्नाला, वाढदिवसाला तो भाड्यानं द्यायचा. हावळांच्या घरचा टेपरेकॉर्डर गेली वीस वर्षं तोच दुरुस्त करत होता. चाळिशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. घरी मराठी, बाहेर कन्नड, कॉलेजात इंग्रजी.

सुमन त्याच्याकडं गेली ती थेट प्रश्न घेऊन. "अण्णा, कोणता माइक घेऊ?"

"माइक मागनं बघू अक्का," संघपाल म्हणाला. "तुम्ही बोलणार कुठं बसून?"

"घरात."

"तुमच्या घरात? समोर पत्रा ठोकतोय, मागं पिठाची गिरणी. तिथं बोलायचं?"

तरी तो तिच्याबरोबर बाजारात आला. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक चकचकीत कंडेन्सर माइक काढला, स्टँडसकट. बेंगळुरूच्या स्टुडिओत हाच वापरतात, म्हणाला. त्याला वेगळी वीज लागते, ती देणारा छोटा मिक्सर लागतो, तोही त्यानं पुढं ठेवला. सुमनला तो माइक फार आवडला. संघपालनं तो दोन दिवस बघायला म्हणून मागून घेतला. दुकानदार त्याच्या ओळखीचा होता.

दुसऱ्या दिवशी तो हावळांकडं चार माइक घेऊन आला. एक तो कंडेन्सर, एक कॉलेजातला हेडसेट, एक कॉम्प्युटरबरोबर मिळणारा काडीसारखा माइक, आणि एक त्याच्या भाड्याच्या सेटमधला, जाळीवर पोचे आलेला, गाणाऱ्यांचा. दुकानात बिलांसाठी घेतलेल्या कॉम्प्युटरला त्यानं ते एकामागोमाग एक लावले आणि सुमनला प्रत्येकावर तेच वाक्य म्हणायला लावलं: "वंद लीटर हाल कोड्री." एक लिटर दूध द्या. मग त्यानं तिला कॉम्प्युटरकडं पाठ करून बसवलं आणि कुठला कुठला ते न सांगता चारही ऐकवले.

सुमननं पहिल्यांदा स्वतःचा आवाज इतक्या जवळून ऐकला. "हा माझा आवाज आहे? मी अशी नाकात बोलते?"

"सगळ्यांना असंच वाटतं. आवाज सोडा, मागचं ऐका."

तिनं मागचं ऐकलं. एका रेकॉर्डिंगमध्ये पंखा होता, गिरणी होती, पत्र्याची ठोकठोक होती, आणि आतल्या खोलीत तिच्या सासूबाई कृष्णाबाई कुणाला तरी भांडं कुठं ठेवलं ते विचारत होत्या, तेही होतं. दुसऱ्यात तिचा श्वास फुसफुसत होता. तिसरा डब्यात बसून बोलल्यासारखा. चौथ्यात मात्र तीच होती, आणि ठोकठोक दोन गल्ल्या पलीकडं गेल्यासारखी.

"चौथा," ती म्हणाली.

चौथा म्हणजे पोचे आलेला जुना माइक. सगळ्यात जास्त आवाज गोळा करणारा तो दुकानदाराचा महागडा.

"त्याची चूक नाही," संघपालनं सांगितलं. "तो सगळ्यांचं ऐकतो. बंद, शांत खोलीत त्याच्यासारखा दुसरा नाही. हा माझा फक्त तोंडासमोरच्याचं ऐकतो. मांडवात शेजारी ढोल वाजत असतात, तिथं हाच लागतो. तुमचं घर मांडवच आहे."

सुमननं कंडेन्सर परत पाठवला. पण नुसत्या माइकनं भागलं नाही. कॉम्प्युटरच्या मागच्या छोट्या भोकात तो लावला की आवाज बारीक यायचा आणि त्याच्यामागे सतत एक गुणगुण. संघपालनं दोन संध्याकाळी वायरी बदलून पाहिल्या, मग सांगितलं की ही गुणगुण कॉम्प्युटरच्या पोटातली आहे, त्याला बाहेरून जोडायचं साउंड कार्ड हवं. ते हुबळीत मिळालं नाही. रेश्मानं बेंगळुरूहून पाठवलं, बसच्या पार्सलनं. काडेपेटीएवढं खोकं बघून रामचंद्र म्हणाला, "एवढ्यासाठी आठवडा गेला?" पण त्यानंतर गुणगुण गेली.

सॉफ्टवेअरचा घोळ वेगळाच. कॉलेजातलं सॉफ्टवेअर फक्त कॉलेजच्या मशीनवर चालायचं. बाजारात मोठ्या स्टुडिओंचं सॉफ्टवेअर चोरून भरलेल्या सीडीवर राजरोस मिळत होतं, आणि चेतन तसली एक सीडी घेऊनही आला. संघपालनं ती हातात धरून उलटीपालटी केली आणि परत दिली.

"ह्याच्यात शंभर बटणं आहेत. अक्कांना लागणार चार. आणि ही चोरीची वस्तू. उद्या बंद पडली तर विचारायचं कुणाला?"

त्यानं कॉलेजच्या इंटरनेटवरून फुकट मिळणारं, साधं सॉफ्टवेअर उतरवून आणलं. त्यात बोललं की पडद्यावर निळ्या लाटा उमटायच्या. मोठ्यानं बोललं की उंच लाट, थांबलं की सरळ रेघ. सुमनला ते बघताक्षणी कळलं. खोकला आला ती लाट कुठली, हे ती दुसऱ्याच दिवशी ओळखायला लागली, आणि माउसनं ती धरून कापायलाही. अडलं ते शेवटी. रेकॉर्ड केलेलं मोबाईलमध्ये चालेल अशा एमपीथ्री रूपात साठवायला गेलं की कॉम्प्युटर म्हणायचा, त्यासाठीची फाइल सापडत नाही. ती वेगळी उतरवून घालायची असते, हे संघपाललाही ठाऊक नव्हतं. ते शोधण्यात आणखी तीन दिवस गेले. मार्च निम्मा सरला होता.

आता जागा. ही मात्र सुमननंच शोधली. दुकानामागे कापसाचं गोदाम होतं. तिथं बोललं की आवाज भिंतीवर न आपटता तिथंच विरतो, हे तिला वर्षानुवर्षं माहीत होतं. गोदामातून हाक मारली तर घरात ऐकू येत नाही म्हणून तिचं आणि रामचंद्राचं कितीदा वाजलं होतं. पण सुट्या कापसाजवळ बसल्यावर पाच मिनिटांत संघपाल शिंकायला लागला आणि सुमनचा घसा बसला. बारीक तंतू हवेत तरंगत होते. मग रामचंद्रानं स्वतः पुढं होऊन शिवून तयार झालेल्या गाद्या गोदामाच्या दुसऱ्या टोकाला तीन बाजूंनी रचल्या, कोपऱ्याएवढी जागा केली, वर जाड चादर टाकली. कॉम्प्युटरचा पंखा घरघरतो म्हणून तो गाद्यांच्या पलीकडं. 'प' आणि 'फ' म्हणताना माइकवर हवा आपटायची, त्यासाठी सुमननं भरतकामाच्या लाकडी कड्यावर जुन्या ओढणीचं जाळीचं कापड ताणून माइकसमोर बांधलं. पंखा लावायची सोय नव्हती. दुकानाच्या सुटीच्या दिवशी, सकाळी ऊन चढायच्या आत रेकॉर्डिंग करायचं ठरलं.

पहिल्या दिवशी सुमन पदर खोचून बसली, समोर कागद धरला आणि म्हणाली, "नमस्कार. आजच्या प्रथम पाठामध्ये आपण दैनंदिन व्यवहारातील काही उपयुक्त शब्दांचा परिचय करून घेणार आहोत."

संघपालनं पाच मिनिटं ऐकलं आणि गाद्यांवरून डोकं वर काढलं. "अक्का, ही कोण बोलाय लागलीय?"

"का? शुद्ध नको?"

"ह्यात तुम्ही कुठं आहात?"

सुमन रागावली. इंटरनेटवर जाणार, पुण्याची माणसंसुद्धा ऐकणार, तिथं 'करायलागलाय' आणि 'बोलाय बसलीय' असलं बोलून हसं करून घ्यायचं का, असं तिनं विचारलं. संघपाल म्हणाला, पुण्याच्या माणसाला हुबळीत दूध मागायचं नाही. त्यानं तिला रेकॉर्डिंग ऐकवलं. निम्म्यातच तिनं हात वर केला.

"एकटीला जमत नाही मला," ती म्हणाली. "समोर कुणीतरी पोरगी बसलेली असते म्हणून मी बोलते. जाळीशी काय बोलू?"

त्या दिवशी काहीच झालं नाही. संध्याकाळी ती सासूबाईंना सगळं सांगत होती. कृष्णाबाई ऐंशीला आलेल्या. त्या सटवाजी नावाच्या एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याशी रोज तासभर कन्नडमध्ये भांडायच्या आणि त्यांची कन्नड जुन्या बायकांची, ठसकेबाज होती. त्या म्हणाल्या, "मी बसते की. मला विचार. मी सासू हाय, मी चुका काढते."

पुढच्या सुटीला दोघी समोरासमोर बसल्या, मधे एकच माइक. कृष्णाबाई माइककडं बघून बोलायच्या नाहीत, सुनेकडं बघून बोलायच्या, त्यामुळं संघपालनं माइक त्यांच्या बाजूला वळवून ठेवला. सुमनचा आवाज मोठा होता. आणि मग गाडी रुळावर आली. सुमन शब्द सांगायची, कृष्णाबाई 'असं नव्हं ग' म्हणून दुरुस्त करायच्या. सुमन विचारायची, "दारात पाव्हणा आला तर?" कृष्णाबाई म्हणायच्या, "बर्री, कुंदर्री. या, बसा. आणि मानाच्या त्या रीला विसरू नको. री नाही म्हटलं की माणूस उठून जातो." दुधाचा आणि दातांचा किस्सा सुमननं सांगितला तेव्हा कृष्णाबाई इतक्या हसल्या की लाटा पडद्याच्या वर गेल्या आणि संघपालनं हातवारे करून मागं सरकायला सांगितलं. ते हसू त्यांनी कापलं नाही.

एप्रिलच्या मध्यापर्यंत सहा भाग झाले. रेश्मानं पान तयार करून 'सुनांची कन्नड' असं नाव दिलं. संघपाल विद्यानगरातल्या सायबर कॅफेत बसून भाग चढवायचा. एकेक चढायला पाऊण तास लागे. जयंतीच्या आठवड्यात माइक कार्यक्रमांना गेला, तेव्हा काम बंद राहिलं.

सातवा भाग दवाखान्याचा. तो करायचा हे सुमननं पहिल्यापासून कागदावर लिहिलेलं होतं, आणि दोनदा पुढं ढकललं होतं. त्या सकाळी ती ताप, खोकला, पोटदुखी इथपर्यंत नीट बोलली. "पोटात दुखतंय हे 'होट्टि ब्यानि'," ती म्हणाली. पडद्यावर सरळ रेघ चालत राहिली. संघपालनं वाकून बघितलं, पण रेकॉर्डिंग थांबवलं नाही.

मग सुमन त्याच आवाजात बोलायला लागली. "मी नवी होते. लग्नाला वर्ष झालं होतं. आठवा महिना, पोटात दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. हे माल आणायला बेळगावला गेले होते. दुपारची वेळ. माझं पाणी गेलं. जवळ आया होती, ती कुठल्या तरी गावाकडची, नवी होती, तिला मराठी कळत नव्हतं. मी म्हटलं पाणी गेलं, पाणी गेलं. तिला कळेना. पाण्यासाठी मला एकच शब्द येत होता, नीर. मी नीर नीर म्हणत राहिले. तिनं तांब्याभर पाणी आणून मला पाजलं. चांगली बाई होती. मी परत म्हटलं नीर, तिनं परत पाजलं. डॉक्टर आले तोवर दोन तास गेले होते. मुलगा होता. रडला नाही. लवकर कळलं असतं तरी वाचला असता का, ते डॉक्टर सांगू शकले नाहीत. मी पण सांगू शकत नाही. पण ते वाक्य तुम्हाला यायला पाहिजे. 'नीर होगैति. लगून डाक्टर्न करीरी.' पाणी गेलंय. लवकर डॉक्टरांना बोलवा. माझ्यामागनं म्हणा."

तिनं ते वाक्य तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना तिच्याबरोबर दुसरा आवाज आला. कृष्णाबाई म्हणत होत्या. आणि वाक्य संपल्यावर त्या थांबल्या नाहीत.

"मी घरी गेलते," त्या म्हणाल्या. "जेवण आणायला. दवाखान्यातलं जेवण हिला जात नव्हतं. म्हटलं, तासाभरात येते. घरी आले तर गिऱ्हाईक होतं, हिचे सासरे एकटे. मी गादी दाखवत बसले. दोन तास बसले. मला येत होतं ते वाक्य. मीच तिथं नव्हते."

अठरा वर्षांत हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं. रामचंद्र बोलला नव्हता, सुमनही नाही. पुढं मुलगी झाली, ती आता धारवाडला शिकत होती, आणि ते दुपारचे दोन तास सगळ्यांनी मिळून झाकून टाकले होते. सासूबाईंना यायला उशीर का झाला ते सुमननं कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, कधीतरी त्या आपणहून सांगतील. मग वाटेनासं झालं.

"आत्ती," ती म्हणाली, "मला माहीत नव्हतं गिऱ्हाईक होतं ते."

"कुठल्या तोंडानं सांगणार?"

संघपालनं तेव्हा थांबवायचं बटण दाबलं. तो गाद्यांमागून बाहेर आला, दोघींकडं न बघता गोदामाचं दार उघडलं आणि पाणी आणतो म्हणून गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा कृष्णाबाई पाय पसरून बसलेल्या होत्या आणि सुमन त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. दोघींचे डोळे लाल होते.

दुपारी कापायला बसायची वेळ आली. संघपालनं माउस सुमनच्या हातात दिला. "कुठंपर्यंत ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मी बाहेर बसतो."

सुमननं सासूबाईंच्या बोलण्याची लाट शोधली. ती बारीक होती, कृष्णाबाई हळू बोलल्या होत्या. तिनं ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत निवडली. पडद्यावर तेवढा भाग काळा झाला. एक बटण दाबलं की गेला असता.

"काय करालीस?" कृष्णाबाईंनी मागून विचारलं.

"तुमचं काढते. हे जगानं कशाला ऐकायचं?"

"राहू दे."

"आत्ती, लोक तुम्हाला नावं ठेवतील."

"ठेवू देत. हे फक्त पोरीच ऐकणार व्हय? त्यांच्या सासवा पण घरात असतील की. त्यांनी ऐकू दे. पोरीला वाक्य शिकवशील, आणि सासवेला काय शिकवणार?" मग म्हणाल्या, "खोकला तेवढा काढ माझा."

सुमननं खोकला काढला. बाकी ठेवलं. शेवटी 'कुठल्या तोंडानं सांगणार' हे मात्र तिनं कापलं. ते आमच्या दोघींतलं आहे, ती म्हणाली. रामचंद्रानं तो भाग इंटरनेटवर जायच्या आधी एकट्यानं दुकानात बसून ऐकला. ऐकून झाल्यावर त्यानं फक्त एवढंच विचारलं, "आई जेवली का?"

पहिल्या सहा भागांना मिळून रेश्माच्या पानावर शंभर-सव्वाशे माणसं आली असतील. सातव्यानंतर किती आली ते आकडे रेश्मा फोनवर सांगायची, सुमनच्या लक्षात राहायचे नाहीत. लक्षात राहिला तो एक फोन. कलघटगीहून एका बाईचा. तिची सून कागलची, सातवा महिना चालू होता. सुनेनं मोबाईलवर ऐकवलं म्हणाली. "तुमच्या सासूबाई आहेत का? त्यांना द्या." कृष्णाबाईंनी फोन घेतला. दोघी कन्नडमध्ये बोलल्या, दहा मिनिटं तरी. काय म्हणाली म्हणून सुमननं विचारलं, तर कृष्णाबाई म्हणाल्या, "सून-सासूचं काय असतंय ते. तुला काय करायचंय?"

मेच्या शेवटी दीपाली लग्न होऊन आली. तिनं तोवर झालेले नऊही भाग विट्यात ऐकले होते, सातवा दोनदा. गल्लीत तिचं कौतुक झालं, पण हसूही झालं. कारण ती बोलायला लागली की ऐंशी वर्षांची म्हातारी बोलते असं वाटायचं. तिनं शब्द सुमनचे उचलले होते आणि हेल सगळा कृष्णाबाईंचा. सटवाजी पिंजारी तिला 'अज्जी' म्हणायला लागला, म्हणजे आजी.

आठव्या दिवशी ती एकटीच भाजी आणायला गेली आणि तोंड पाडून परत आली.

"काय झालं ग?" सुमननं विचारलं.

"मी तिला विचारलं, मेंतेपल्ले ताजा ऐतेन्री? मेथी ताजी आहे का? तर ती मला मराठीत म्हणते, एकदम ताजी हाय बघा ताई, विट्याकडच्या काय तुमी? काकी, तिला मराठी येतं! मग मी दोन महिने शिकले कशाला?"

सुमनला हसू आवरेना. हुबळीच्या बाजारात निम्म्या लोकांना मराठी येतं, समोरच्याचं तोंड बघून ते भाषा बदलतात, हे तिला इतकं सवयीचं झालं होतं की सांगायचंच राहिलं होतं.

"उद्या परत जा," आतून कृष्णाबाई म्हणाल्या. "ती मराठी बोलली तर बोलू दे. तू कन्नड सोडू नको."

दुसऱ्या दिवशी दीपाली परत गेली. भाजीवाली मराठी बोलत राहिली आणि ही कन्नड. कुणीच मागं हटलं नाही. येताना तिच्या पिशवीत दोन पेंढ्या मेथी होती, आणि फुकटची कोथिंबीर वरून घातलेली.